पिकअपचा हौदा आणि पेरणीचे बियाणे

(जऊळका, ता. मालेगाव, जि. वाशिम येथे खरिपाच्या तयारीनिमित्त शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काही जणांना हसू आले असेल. कृषी महाविद्यालयातला माणूस बोलणार म्हणजे वाणावर बोलणार, खताच्या मात्रेवर बोलणार, फार तर तुरीच्या अळीवर बोलणार. हा गाडीचा हौदा आणि पायाखालच्या मॅट धुण्यावर काय बोलतो? ते काम ड्रायव्हरचे, नाही तर वॉशिंग सेंटरवाल्याचे. पण जरा विचार करा. बियाणे, खत, औषध, सरकीची ढेप, कुटार, सोंगणीनंतरचे सोयाबीन, संत्र्याची फळे, बकऱ्या आणि निंदणाच्या बाया हे सगळे आता एकाच हौद्यातून जाते येते. वाण चांगला निवडला, बीजप्रक्रिया केली, पेरणीयोग्य पावसाची वाट पाहिली, तरी दुकान ते शेत या दहा-वीस किलोमीटरच्या प्रवासात केलेल्या कामावर पाणी पडू शकते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण बंडी होती. बंडीच्या फळ्यांत फटी असत. सांडलेले खत वाटेत गळून जायचे, पावसाचे पाणी खाली निघून जायचे आणि लाकूड उन्हात वाळायचे. शिवाय गावात विषच फारसे येत नव्हते. पुढे टेम्पो आले, पिकअप आल्या. मे २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला आणि चारचाकी मालगाडी लहान गावाच्या गल्लीपर्यंत पोचली. सोय मोठी झाली यात शंका नाही. मालेगाव, वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा यांपैकी कोणत्या बाजार समितीत भाव बरा आहे ते पाहून माल त्या दिशेला वळवणे यामुळेच शक्य झाले. परंतु पत्र्याचा हौदा हा बंद हौदा आहे. त्यात जे सांडते ते आतच राहते. पत्र्याच्या पन्हाळीत राहते, कोपऱ्यात राहते, फाळक्याच्या बिजागरीत राहते, आणि सर्वांत जास्त राहते ते खाली अंथरलेल्या रबरी मॅटच्या पोटाखाली. वरून मॅट धुतलेली, चकचकीत. उचलून पाहिली तर खाली मागच्या हंगामाचे डीएपी, ओली माती, चार-दोन उगवलेले हरभरे आणि गंजाचे पापुद्रे.

आपल्यापैकी बहुतेकांची स्वतःची पिकअप नाही, भाड्याची असते. म्हणून धुण्याच्या आधीची एक गोष्ट सांगतो. माल भरण्यापूर्वी भाडे ठरवताना ड्रायव्हरला विचारा, "दादा, काल काय नेलं होतं?" या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. काल सिमेंट नेले असेल तर झाडून घेतले की भागते. खत नेले असेल तर झाडून, पुसून घ्यावे. काल कीटकनाशकाची खोकी नेली असतील आणि आज तुम्हाला बियाणे किंवा ढेप आणायची असेल, तर मॅट उचलून पाहिल्याशिवाय माल चढवू नये. गाडीवाल्याला राग येईल असे समजू नका. हौद्याची काळजी घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न आवडतो, आणि न घेणाऱ्याला तो कोणीतरी विचारलाच पाहिजे.

सोयाबीनचे बियाणे नेताना

आपल्या जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक सोयाबीन आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. सोयाबीनचे बी दिसायला टणक असले तरी फार नाजूक आहे. त्याचे टरफल पातळ असते आणि ज्या कोंबापासून मूळ निघते तो भाग त्या पातळ टरफलाच्या लगेच आत, बेचक्याजवळ असतो. कपाशीच्या सरकीला जाड कवच आहे, तुरीचे बीही टणक आहे. सोयाबीनला ते संरक्षण नाही. त्यातच बियाण्यात सुमारे २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिने. असे बी उष्णतेने आणि ओलाव्याने इतर बियाण्यांपेक्षा लवकर खराब होते.

आता हे बी हौद्यात कसे पडते ते पाहू. हमाल बॅग खांद्यावरून उघड्या पत्र्यावर टाकतो. धप्प असा आवाज होतो. त्या आवाजात किती बियांच्या कोंबाला इजा झाली ते बाहेरून दिसत नाही. दाणा पिवळा, गोल, सुंदरच दिसतो आणि शेतात मात्र उगवत नाही. बी फार कोरडे असेल, ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेलेला असेल, तर ही इजा आणखी जास्त होते. त्यामुळे हौद्यात जाड रबरी मॅट असणे ही बियाण्याच्या दृष्टीने चैन नाही, गरज आहे. मॅट नसेल तर कुटाराचा थर किंवा जुन्या गोणपाटाच्या दोन घड्या अंथराव्यात. बॅग टाकू नये, ठेवावी. सोयाबीनची थप्पी सात बॅगांपेक्षा उंच लावू नये असे आपण गोदामासाठी सांगतो. हलत्या गाडीत तर ती त्याहून कमीच असावी, कारण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला वरच्या बॅगांचे वजन खालच्या बॅगेवर आपटते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सकाळी हौदा धुतला आणि दहा वाजता बियाणे भरले, तर मॅटच्या रेघांत आणि मॅटखाली पाणी असतेच. तळाच्या बॅगेतले बी ते पाणी ओढते, फुगते, टरफलाला सुरकुत्या पडतात. घरी नेऊन वाळवले तर ते पुन्हा आकसते आणि टरफलाला तडा जातो. एकाच लॉटच्या दहा बॅगांपैकी आठ उगवल्या आणि दोन उगवल्या नाहीत, अशी तक्रार आली की दोष कंपनीवर जातो. तो कंपनीचा असूही शकतो. पण त्या दोन बॅगा गाडीत कुठे होत्या, हे कोणी विचारत नाही. म्हणून बियाणे आणायचे असेल तर हौदा आदल्या दिवशी धुवावा, मॅट उचलून उन्हात टाकावी आणि फाळका रात्रभर उघडा ठेवावा.

उन्हाचेही तसेच. मे महिन्यात उभ्या गाडीच्या पत्र्यावर दुपारी हात टेकवत नाही. अशा पत्र्याला टेकलेली बॅग दोन-तीन तास राहिली तर बियाण्याची उगवणशक्ती घटते. बाजारात इतर कामे आधी उरकावीत आणि बियाणे शेवटी भरावे. रायझोबियमची पाकिटे तर त्याहून नाजूक. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट आपण लावतो. त्यात जिवंत जिवाणू असतात. ती पाकिटे काचेमागे डॅशबोर्डवर ठेवली म्हणजे जिवाणू मरतात आणि आपण बियाण्याला नुसती काळी भुकटी चोळतो. खताच्या पोत्यावरही ती ठेवू नयेत. ओल्या कापडात गुंडाळून सीटमागे सावलीत ठेवावीत.

घरी आल्यावर उगवणशक्ती तपासतो ना आपण? शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेने मांडून, गुंडाळी करून, पाच ते सात दिवसांनी मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे चांगले उगवले तर बी पेरण्यायोग्य. यात माझी एक सूचना आहे. सगळ्या बॅगांचे एकत्र शंभर दाणे घेऊ नका. वरच्या बॅगेचे शंभर आणि हौद्याच्या तळाला होती त्या बॅगेचे शंभर अशा दोन गुंडाळ्या करा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर बियाणे गाडीत बिघडले, असे समजायला जागा आहे.

आणखी एक मुद्दा घरच्या बियाण्याचा. अनेक जण आता वाण राखून घरचे बियाणे ठेवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण सोंगणीनंतर एका शेताचे सोयाबीन उतरवून लगेच दुसऱ्याचे भरले की कोपऱ्यात आणि मॅटखाली राहिलेले पायली-अर्धी पायली दाणे मिसळतात. विकायच्या मालात त्याने काही बिघडत नाही. बियाण्यासाठी ठेवायच्या मालात मात्र भेसळ होते, आणि मग एकाच वावरात अर्धी झाडे आधी पिवळी पडतात, अर्धी हिरवी राहतात. बियाण्याचा माल भरण्यापूर्वी मॅट काढून हौदा कोरडाच झाडावा. त्या वेळी पाणी मारू नये.

खत सांडले तर

गाडी खताने सडते हे सर्वांना माहीत आहे. पण कोणत्या खताने, याविषयी गैरसमज आहे. लोक युरियाला दोष देतात. युरिया हवेतले पाणी ओढतो, पावसाळी हवेत पाझरतो, त्यामुळे तो दिसतो. लोखंडाला खरा त्रास देतात ते म्युरेट ऑफ पोटॅश, अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट. पोटॅशमध्ये क्लोराइड असते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो पत्र्याला वरवर न खाता बारीक भोके पाडत आत जातो. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल शिल्लक असते, ते रंग उडवते.

इथे बहुतेक जण एक गोष्ट उलट करतात. खत सांडले की पाइप घेऊन पाणी मारतात. दाणेदार खत विरघळते, त्याचे खारे पाणी पन्हाळीतून जोडात, बोल्टच्या भोकात, मॅटच्या कडेखाली शिरते आणि तिथेच वाळते. पृष्ठभाग स्वच्छ, जोड सडलेला. म्हणून आधी कोरडे झाडावे. मॅट बाहेर काढून झटकावी, हौदा कुंच्याने झाडावा, कोपरे जुन्या रंगाच्या ब्रशने काढावेत. झाडलेले खत वाया जात नाही, ते उकिरड्यावर टाकता येते. त्यानंतर पाणी मारावे, आणि मारायचे तर भरपूर मारावे. थोडे पाणी सर्वांत वाईट. गाडी थोडी उताराला मागे करून उभी केली आणि फाळका उघडला तर पाणी थांबत नाही. तळाला पाणी जाण्याची भोके असतात, ती चिखलाने बुजलेली असतात. तार घालून मोकळी करावीत.

रंग उडालेली जागा दिसली तर सॅंडपेपरने गंज घासून, कोरड्या कापडाने पुसून, रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर इनॅमलचे दोन हात द्यावेत. पोळ्याच्या आसपास उघाड मिळते तेव्हा एकदा आणि सोंगणीचा हंगाम संपल्यावर एकदा असे केले तरी हौदा बरीच वर्षे टिकतो. आपल्याकडे इंजिनचे जळके काळे ऑईल हौद्याला चोपडण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ते ऑईल धान्याला लागते, ढेपीला लागते, त्यात आरोग्याला घातक पदार्थ असतात आणि त्याने रबर फुगून नरम पडते. चेसीला खालून लावायचे तर गाडीवाल्याने ठरवावे. हौद्यात मात्र ते नको.

औषध सांडले तर

आता खऱ्या धोक्याकडे येतो. १९५८ साली केरळमध्ये शंभराहून अधिक माणसे अन्नातून झालेल्या विषबाधेने मेली. त्यांनी कोणते औषध फवारले नव्हते, प्यायले नव्हते. गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत एकत्र आले, औषध गळले, पिठात मुरले आणि त्या पिठाचे पदार्थ लोकांनी खाल्ले. या प्रकरणाची सरकारने चौकशी केली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आज आपण औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण पाहतो, दुकानदाराला परवाना लागतो, हे सगळे त्या कायद्यामुळे. या कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांत असे म्हटले आहे की कीटकनाशकाचा खाद्यपदार्थांशी किंवा जनावरांच्या खाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने त्याची वाहतूक किंवा साठवण करू नये. वाहतुकीत औषध गळले तर विषबाधा व माती-पाण्याचे प्रदूषण टाळण्यासाठी तातडीने उपाय करण्याची जबाबदारी वाहतूक करणाऱ्याची आहे. पिकअपवाल्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे. ढेपीची पोती आणि औषधाचे खोके एका फेरीत आणून भाडे वाचते, पण नियम मोडतो आणि दावणीची म्हैस जाऊ शकते.

२०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. त्या घटनेनंतर हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा याविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण विष अंगावर येण्याची वाट फक्त फवारणीची नाही. संध्याकाळी फवारणी पंप, गळका डबा आणि मिश्रणाची बादली हौद्यात टाकून आणली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मॅटवर निंदणाला जाणाऱ्या बाया बसतात. मांडीवर लेकरू असते, भाकरीचे फडके मॅटवर ठेवलेले असते. मालगाडीत माणसे बसवायला कायद्याने परवानगी नाही, हे मला माहीत आहे आणि आपल्यालाही. तरी बाया बसतात, हेही दोघांना माहीत आहे. ओल्या लुगड्यातून, घामेजल्या कातडीतून औषध अंगात जायला डबा तोंडाला लावावा लागत नाही.

औषध सांडल्याचे लक्षात आले तर काय करावे? सर्वप्रथम पाणी मारू नये. पाण्याने विष पसरते. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. सांडलेल्या जागेवर कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा राख जाड थराने टाकावी आणि अर्धा तास ओढू द्यावी. आपली काळी चिकण माती यासाठी उत्तम आहे. पॅराक्वाटसारखे तणनाशक तर चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. मग ती माती पत्र्याच्या तुकड्याने खरवडून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरावी. विहीर, नाला, गोठा आणि घर यांपासून दूर, जिथे पाणी साचत नाही अशा जागी खोल खड्ड्यात पुरावी. उकिरड्यावर टाकू नये, तिथे कोंबड्या उकरतात.

त्यानंतर धुणे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण करावे. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधांचे अल्कधर्मी पाण्यात विघटन होते. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा सोड्याचा उपयोग अधिक. द्रावण पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे, काडीच्या ब्रशने घासावे, साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने दोनदा धुवावे. सोडा पत्र्यावर तसाच वाळू देऊ नये, रंग जातो. सोड्याने प्रत्येक औषध निकामी होते असे मात्र नाही. पॅराक्वाटवर त्याचा भरवसा धरू नये, तिथे माती आणि भरपूर साबणपाणी. एक इशारा : ब्लीचिंग पावडर इतर कोणत्याही रसायनात मिसळू नये. आम्लाशी किंवा अमोनियाच्या खताशी ती आली तर विषारी वायू निघतो.

रबरी मॅटचे काय? इथे मी थोडा कडक बोलणार आहे. ई.सी. प्रकारची औषधे तेलकट द्रावकात असतात. ती रबरात मुरतात, प्लायवुडमध्ये तर हमखास मुरतात. पत्रा धुऊन साफ होतो, प्लायवुड होत नाही. ज्या मॅटवर अशा औषधाची बाटली फुटली ती दोन-तीनदा धुऊन, आठवडाभर उन्हात टाकूनही वास येत असेल, तर ती बियाणे, धान्य, ढेप आणि माणसे यांच्यासाठी बाद समजावी. लाल रंगाचा पट्टा मारून ती फक्त पंप आणि डबे ठेवण्यासाठी वापरावी. वास गेला म्हणजे विष गेले असेही नव्हे, पण वास आहे तोवर ते आहेच.

तणनाशकाविषयी एक वेगळी सूचना कपाशीवाल्यांना. २,४-डी हे तणनाशक कपाशीला फार थोड्या प्रमाणातही चालत नाही. पाने अरुंद, बोटांसारखी लांबट होतात आणि झाड वाढ सोडते. ज्या बादलीत, पंपात किंवा हौद्यात ते सांडले तिथे कपाशीची सरकी, कपाशीचे औषध किंवा पंप ठेवू नये.

सगळ्यांत सोपा उपाय मात्र सांडूच न देण्याचा. दोनशे लिटरचा जुना प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला की दोन कुंड्या तयार होतात. औषधाची खोकी, बाटल्या आणि पंप अशा कुंडीत ठेवून ती हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात दोरीने बांधावी. बाटली फुटली तरी विष कुंडीच्या बाहेर येत नाही आणि धुवायची ती कुंडी, हौदा नव्हे. तसेच ताडपत्र्या दोन ठेवाव्यात, वेगवेगळ्या रंगांच्या. एक औषधाच्या फेरीची, एक बियाण्या-धान्याची. एक निळी आणि एक पिवळी घेतली तर अंधारातही घोटाळा होत नाही.

केबिनमधली मॅट

पायाखालच्या मॅटकडे कोणाचे लक्ष नसते. फवारणी करून आलेला माणूस त्याच बुटांनी आत बसतो. चिखल वाळतो, त्याची धूळ होते, काचा बंद असताना ती नाकात जाते. फवारणीचे बूट बाहेर काढून पिशवीत घालावेत आणि मागे ठेवावेत. मॅट आठवड्यातून एकदा बाहेर काढून साबणाने धुवावी, खालचे कापडी अस्तर ओले असेल तर दारे उघडी टाकून वाळवावे. तिथला पत्राही खालून सडतो. रबरी मॅट चमकावी म्हणून डिझेलने पुसणारे आहेत. त्याने रबर फुगते, निसरडे होते आणि पाय पॅडलवरून घसरतो.

मॅटवर मॅट किंवा मॅटवर पोते कधीही घालू नये. ते पुढे सरकते आणि एक्सलेटरच्या पॅडलवर चढते. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशाच एका अपघातात चौघांचा जीव गेला. गाडीत दुसऱ्या मॉडेलची, न बसणारी मॅट टाकलेली होती आणि पॅडल तिच्यात अडकले. त्यानंतर त्या गाडीच्या कंपनीने, टोयोटाने, मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी सूचना काढली. एवढ्या प्रगत देशातली ही गोष्ट. आपल्याकडे तर चिखल लागू नये म्हणून खताचे रिकामे पोते सरळ ड्रायव्हरच्या पायाखाली असते.

धान्यात घालायच्या सल्फासच्या गोळ्या केबिनमध्ये सीटखाली, मॅटखाली ठेवू नयेत. हवेतला ओलावा मिळाला की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद केबिनमध्ये तो जीवघेणा ठरतो. मॅट ओली असेल तर धोका आणखी वाढतो. त्या मूळ सीलबंद डब्यातच, उघड्या हौद्यातून, पावसापासून झाकून आणाव्यात.

जनावरे व कलमे

जनावरे नेली तर शेण-मूत्र त्याच दिवशी धुवावे. मूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो मॅटखाली पत्र्याला लागतो. त्याहून महत्त्वाचा रोगाचा प्रश्न. लाळ्या-खुरकताचा संशय असलेले जनावर नेले असेल तर शेण पूर्ण काढून, मग लिटरला ४० ग्रॅम धुण्याच्या सोड्याने हौदा, मॅट आणि टायरही धुवावेत. २०२२ मध्ये लम्पी आजाराची साथ महाराष्ट्रात आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. लम्पीसाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. शेणावर कोणतेच जंतुनाशक काम करत नाही, म्हणून आधी शेण काढणे.

संत्र्याची कलमे आणणाऱ्यांनी हौद्यातली माती बागेत झाडू नये. डिंक्याची बुरशी मातीतून आणि पाण्यातून फिरते. गाजरगवताचेही तसेच. देशात त्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि आज ते कोणत्या धुऱ्यावर नाही? त्याचे बारीक बी चिखलाबरोबर गाड्यांच्या चाकांना आणि हौद्यांना चिकटून गावोगाव गेले.

मॅट कोणती घ्यावी, असे विचारले जाते. पिकअपच्या मापाच्या तयार मॅट मिळतात, काही जण जाड रबरी पट्टा कापून घेतात. दोन्ही चालतात. अट एवढीच की एका माणसाला ती उचलून बाहेर काढता आली पाहिजे. अखंड, जड, खिळे-बोल्टने ठोकलेली मॅट कोणी कधी उचलत नाही. तिच्याऐवजी दोन तुकडे करावेत. खालून रेघा असलेली मॅट असेल तर रेघा गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे पाणी फाळक्याकडे निघून जाते. हंगाम नसेल तेव्हा मॅट गुंडाळून सावलीत ठेवावी. सतत उन्हात राहिलेले रबर कडक होते आणि तडकते, मग त्या तड्यांतच सगळे जाऊन बसते.

शेवटचा मुद्दा धुण्याच्या जागेचा. गाडी नदीत किंवा नाल्यात उतरवून धुण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आपल्या जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा पुढे अकोला जिल्ह्यात महानच्या धरणात जाते आणि अकोला शहर ते पाणी पिते. खालच्या गावांची गुरे तर वाटेतच पितात. खताचे किंवा औषधाचे हौद्याचे पाणी नदीत, हापशीजवळ किंवा विहिरीच्या थारोळ्यात जाऊ देऊ नये. पडीत जागी, जिथे गुरे चरत नाहीत आणि उतार पाण्याकडे नाही, अशी एक जागा गावाने मिळून ठरवावी. पिकअपवाले गावात चार-पाचच असतात. त्यांना बसवून बोलले तर होण्यासारखे आहे.

मघाशी एका बंधूंनी विचारले की औषधाच्या फेरीची ताडपत्री जुनी झाल्यावर कुटारावर झाकली तर चालेल का. चालणार नाही. कुटार जनावर खाते. ती ताडपत्री धुतलेली असली तरी गंजीवर, धान्याच्या खळ्यात किंवा गोठ्याच्या आडोशाला वापरू नका. पंप आणि डबे ठेवण्याच्या जागी खाली अंथरायला ती उपयोगी पडेल. फाटल्यावर चुलीत जाळू नका, तिचे तुकडे करून टाका, म्हणजे दुसरे कोणी उचलून घरी नेणार नाही.